युद्धक्रीडेतील वास्तवता

कलेतील हिंसा कितपत खरी असावी, आणि ‘खरी’ म्हणजे नेमकी कशी, हा साहित्यविचारातील जुना प्रश्न आहे. महाकाव्याच्या चर्चेत तो आला, शोकात्म नाटकाच्या चर्चेत आला. वास्तववादी कादंबरीसंबंधीच्या वादात तर तो वारंवार ऐरणीवर आला. गेल्या तीन दशकांत ज्या माध्यमाने हा प्रश्न सर्वांत आग्रहाने पुढे आणला, ते माध्यम मात्र साहित्यसमीक्षेने आपल्या कक्षेबाहेरच ठेवले आहे. संगणकाच्या आणि मोबाइलच्या पडद्यावरील युद्धक्रीडा हे ते माध्यम होय. तिच्यातही विशेष विचार करावा असा प्रकार म्हणजे, ज्यात खेळणाऱ्याला समोरचे जग बंदुकीच्या नळीमागून, प्रथमपुरुषी दृष्टीने दिसते तो. ‘डूम’ (१९९३) या खेळाने तो लोकप्रिय केला. ‘काउंटर-स्ट्राइक’ने (१९९९) त्याला डावपेचांची शिस्त दिली. हे सारे मुलांचे मनोरंजन म्हणून सोडून देता येईल अशी स्थिती आता राहिलेली नाही. त्याची निंदा करणारे आणि त्याचा व्यवसाय करणारे पुष्कळ आहेत. त्याचे मूल्यमापन करणारे मात्र फारसे आढळत नाहीत.

भारतात या व्यवसायाचे एक ठळक केंद्र गुरुग्राम हे आहे. नॉडविन गेमिंग या संस्थेचे मुख्यालय तेथे असून, २०१६ पासून ‘ईएसएल इंडिया प्रीमियरशिप’सारख्या स्पर्धा तिने भरवल्या. २०२२ मध्ये तिने भरवलेली ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ या खेळाची स्पर्धा स्टार स्पोर्ट्स वाहिनीवरून देशभर दाखवण्यात आली. एरवी क्रिकेटसाठी लावल्या जाणाऱ्या वाहिनीवर, घराघरांतून, पडद्यावरील सैनिकांच्या चकमकी समालोचनासह पाहिल्या गेल्या. युद्धक्रीडा केवळ खेळणाऱ्याची राहिली नाही. तिला प्रेक्षक मिळाला. जेथे प्रेक्षक आहे तेथे रसविचाराचा अधिकार आपोआपच उत्पन्न होतो.

योगायोगाचा भाग असा की, या शहराच्या नावातच शस्त्रविद्येचा एक गुरू आहे. २०१६ मध्ये हरियाणा शासनाने ‘गुडगाव’चे ‘गुरुग्राम’ केले ते द्रोणाचार्यांस हे गाव गुरुदक्षिणा म्हणून मिळाले या परंपरेच्या आधारे. द्रोणांनी शिष्यांची घेतलेली परीक्षा सर्वांना ठाऊक आहे. झाडावर बसवलेल्या पक्ष्याकडे नेम धरून काय दिसते ते सांगायचे. झाड, पक्षी, गुरू आणि भाऊ, असे सर्व काही ज्यांना दिसले ते बाजूला काढले गेले. ज्याला पक्ष्याचे मस्तक तेवढे दिसले तो अर्जुन उत्तीर्ण झाला. लोकपरंपरेने या मस्तकाचा पुढे डोळा केला. या कथेतला एक तपशील मात्र सहसा विसरला जातो. आदिपर्वातला तो पक्षी खरा नव्हता. कारागिरांकडून करवून घेतलेला तो कृत्रिम ‘भास’ पक्षी होता. कृत्रिम लक्ष्य, आकसलेली दृष्टी आणि तिच्याखेरीज सर्व जगाचा विसर: आजच्या युद्धक्रीडेचे इतके अचूक वर्णन दुसरे सापडणे कठीण.

या क्रीडेतील हिंसेचे काय करावे, या प्रश्नाला समाजाने आणि शासनाने दिलेले उत्तर उद्‌बोधक आहे. ‘पबजी मोबाइल’ या खेळावर २ सप्टेंबर २०२० रोजी बंदी आली. ११८ ॲपांवरील त्या आदेशाचे कारण हिंसा नव्हते, देशाची सुरक्षितता आणि माहितीचे संरक्षण हे होते. परंतु २०२१ मध्ये तोच खेळ ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ या नावाने परतला तेव्हा त्यात बदल झाले ते हिंसेच्या संदर्भात. रक्त लालऐवजी हिरवे झाले. ‘किल’ हा शब्द जाऊन ‘फिनिश’ आला. हे जग काल्पनिक आहे, अशी सूचना प्रारंभी देण्यात येऊ लागली. जुलै २०२२ मध्ये हा खेळ पुन्हा काढला गेला आणि २०२३ मध्ये पुन्हा आला, तेव्हा खेळण्याच्या वेळेवरही मर्यादा आली: अठरा वर्षांखालील मुलांना दिवसाला तीन तास, प्रौढांना सहा.

रक्ताचा रंग बदलण्याची ही युक्ती भारतीय नाही. वाहनाखाली माणसे चिरडण्याच्या ‘कार्मागेडन’ या खेळात ब्रिटनमध्ये १९९७ साली माणसांच्या जागी हिरव्या रक्ताचे झोंबी घालण्यात आले होते. ‘हाफ-लाइफ’च्या (१९९८) जर्मन आवृत्तीत मानवी सैनिकांचे यंत्रमानव झाले. या सर्वांमागे एकच गृहीतक आहे: हिंसेची वास्तवता दृश्याच्या पृष्ठभागावर, म्हणजे रंगात आणि आकारात असते, पृष्ठभाग बदलला की हिंसा सौम्य होते. हे गृहीतक तपासून पाहिले पाहिजे. कारण खेळाचे निंदकही तेच धरून चालतात आणि अधिकाधिक हुबेहूब जखमा रंगवणारे त्याचे निर्मातेही.

प्रथम शब्दाकडे पाहू जाता, ‘मारणे’ टाळून ‘फिनिश’ घेतल्याने काय साधले? भारतीय भाषांतून वावरणाऱ्या कोणालाही या बदलातील विपर्यास जाणवेल. ‘मारणे’ या मराठी क्रियापदाचा संसार मोठा आहे. माणूस हाक मारतो, फेरी मारतो, गप्पा मारतो, मिठीही मारतो. ‘संपवणे’ या क्रियापदाचे कर्म जेव्हा माणूस असतो, तेव्हा त्याला एकच अर्थ उरतो, आणि तो ‘मारणे’हून थंड आहे. ‘त्याला मारले’ यात संताप असू शकतो, झटापट असू शकते. ‘त्याला संपवले’ यात हिशेब असतो. हिंदीतील ‘खत्म करना’ची गत हीच. किंबहुना मुंबईच्या गुन्हेगारी बोलीने तर ‘गेम’ हाच शब्द खुनासाठी घेतला. ‘त्याचा गेम केला’ म्हणजे काय हे मराठी वाचकाला सांगावे लागत नाही. खेळाने हत्येचे नाव टाळायचे आणि हत्येने खेळाचे नाव घ्यायचे, असा हा व्यवहार आहे. सौम्य करण्यासाठी योजलेला शब्द वस्तुतः अधिक निष्ठुर ठरला, कारण त्याने कृतीतला माणूस काढून घेतला आणि कामाची पूर्तता तेवढी ठेवली.

मग या क्रीडेतील वास्तवता आहे तरी कोठे? ती साधनांच्या चित्रणात आहे, आणि तेथे ती थक्क करणारी आहे. बंदूक सलग झाडली असता नळी कशी उसळते, गोळी दूर जाताना किती खाली येते, रिकाम्या खोलीत पावलांचा आवाज कोणत्या बाजूने येतो, याची काटेकोर व्यवस्था या खेळांत असते. ‘काउंटर-स्ट्राइक’मधील एके-४७ सलग झाडल्यास गोळ्यांचा जो आकृतिबंध भिंतीवर उमटतो, तो ठरलेला असतो, निष्णात खेळाडू तो तबलजीने कायदा बसवावा तसा हातात बसवून घेतात. या खेळात पाच विरुद्ध पाच असा सामना असतो, आणि मारला गेलेला त्या फेरीपुरता बाद होतो. म्हणून प्रत्येक पाऊल मोलाचे होते. धावले तर आवाज होतो, थांबले तर वेळ जातो.

या शिस्तीतून जो अनुभव निर्माण होतो त्याला कलामूल्य नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. डावपेचांच्या युद्धक्रीडेचा खरा आशय गोळीबार हा नाही. प्रतीक्षा हा आहे. दाराआड श्वास रोखून उभे राहणे, न दिसणाऱ्या शत्रूचा केवळ आवाजावरून अंदाज बांधणे, सहकाऱ्याच्या एका शब्दावर विसंबून उघड्यावर जाणे, यात भय आहे, धैर्य आहे, परस्परविश्वास आहे. भयानक आणि वीर यांच्या सीमेवरचा हा प्रत्यय चित्रपटाला किंवा कादंबरीला या रीतीने देता येत नाही, कारण तेथे प्रतीक्षा दुसऱ्याची असते. येथे ती ज्याची त्याची असते. या माध्यमाचे हे स्वतःचे सामर्थ्य आहे, आणि ते मान्य केल्यावाचून त्याच्या मर्यादेची चर्चा प्रामाणिक होणार नाही.

मर्यादा सुरू होते ती गोळी लागल्यानंतरच्या क्षणी. ‘बॅटलग्राउंड्स’मध्ये मनुष्य मेला की त्याचा देह नाहीसा होतो आणि त्या जागी एक पेटी उरते. पेटीत त्याची शस्त्रे, औषधे, काडतुसे असतात. ज्याने मारले तो ती उघडून हवे ते घेतो आणि पुढे जातो. रक्त लाल की हिरवे यावर पुष्कळ वाद झाला. या पेटीवर कोणी आक्षेप घेतल्याचे दिसत नाही. वास्तविक पाहता सर्वांत अवास्तव अशी गोष्ट तीच आहे. जखमेचा तपशील पूर्ण आणि मृत्यूचा तपशील शून्य, अशी ही रचना आहे. याच खेळात जखमी झालेला खेळाडू काही काळ जमिनीवर सरपटतो आणि सहकारी त्याला उठवू शकतो. तेव्हा चतुर प्रतिस्पर्धी त्याला मुद्दाम जिवंत ठेवतो, जेणेकरून सोडवायला येणारा दुसरा टप्प्यात यावा. करुणा येथे खेळाच्या नियमांत शिरलेली आहे. परंतु ती आमिष म्हणून शिरलेली आहे.

भारतीय नाट्यविचाराने हा प्रश्न नेमका उलट बाजूने सोडवला होता. युद्ध, राज्यभ्रंश, मरण, नगरीचा वेढा या गोष्टी अंकात प्रत्यक्ष दाखवू नयेत, प्रवेशकातून सुचवाव्यात, असे नाट्यशास्त्र सांगते. हा नियम पुष्कळदा सोवळेपणाचा मानला जातो. परंतु भासाचे ‘ऊरुभंग’ पाहावे. भीम-दुर्योधनांचे गदायुद्ध तेथे रंगमंचावर होत नाही. तीन सैनिक त्याचे वर्णन करतात. रंगमंचावर येतो तो मांड्या मोडलेला दुर्योधन. त्याचे आईबाप येतात, राण्या येतात, आणि लहानगा दुर्जय सवयीप्रमाणे बापाच्या मांडीवर बसू पाहतो. मरण दाखवू नये हा नियम भासाने मोडला. पण युद्ध दाखवू नये हा पाळला. हिंसेचे सत्य तिच्या आघातात नसून परिणामात आहे, ही जाण या निवडीत आहे. महाभारतकारानेही भीष्मपर्वापासून सौप्तिकपर्वापर्यंत पाच पर्वे संहाराला दिली, आणि लगेच स्त्रीपर्व ठेवले. गांधारी रणभूमी पाहते ती युद्ध संपल्यावर. तिच्या दृष्टीला नेम नाही; म्हणूनच तिला सर्व दिसते. आजच्या युद्धक्रीडेत सौप्तिकपर्वापर्यंतचे सारे आहे, स्त्रीपर्व मात्र नाही.

येथे कोणी म्हणेल की, परिणाम दाखवणे म्हणजे अधिक उघडे, अधिक रक्तबंबाळ दाखवणे होय. तसे नाही. झाकूनही परिणाम सांगता येतो. गुरुग्राम आणि पानिपत हे जिल्हे आज एकाच राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात मोडतात. त्या पानिपतावर १४ जानेवारी १७६१ रोजी जे झाले त्याची वार्ता पेशव्यांपर्यंत एका सावकारी पत्रातून आली अशी परंपरा आहे. त्या पत्रात माणसांचा उल्लेखच नव्हता. मोती गळाले, मोहरा हरवल्या, रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणतीच नाही, अशा सांकेतिक भाषेत ते होते. हाही एक प्रकारे बदललेला शब्द, रंग बदललेले रक्तच. तरीही अडीच शतकांनंतर मराठी मनाला पानिपत आठवते ते तलवारीच्या वारांच्या वर्णनांनी नव्हे, या नाण्यांच्या हिशेबाने. ‘फिनिश’ने माणसाचे काम केले, मोती आणि मोहरा यांनी धनाचा माणूस केला. झाकणे हा दोष नाही. झाकलेल्याची ओढ लागू न देणे हा दोष आहे. विश्राम बेडेकरांच्या कादंबरीचे नाव ‘रणांगण’ (१९३९). तिच्यात एकही लढाई नाही, युरोपातून येणारी एक बोट आणि तिच्यावरची निर्वासित माणसे आहेत. मराठीतील युद्धाच्या थोर कादंबऱ्यांत तिची गणना होते ती याच बळावर.

या विवेचनावर एक गंभीर आक्षेप घेता येईल, आणि त्याला उत्तर दिले पाहिजे. बुद्धिबळात मेलेल्या प्याद्यासाठी कोणी सुतक धरत नाही. मग पडद्यावरच्या सैनिकाकडून शोकाची अपेक्षा का? युद्धक्रीडा हा खेळ आहे, काव्य नव्हे. गुरुग्रामच्या संस्थांची भूमिकाही साहजिकच खेळाची आहे. २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक कायद्याने पैशांच्या खेळांना मनाई करताना ई-स्पोर्ट्सना खेळ म्हणून मान्यताही दिली. हा आक्षेप अर्धा खरा आहे. स्पर्धा म्हणून पाहिले असता ‘काउंटर-स्ट्राइक’चा सामना बुद्धिबळाच्या जवळ जातो, आणि समालोचनासह तो पाहणारा प्रेक्षक मृत्यू पाहत नसून कौशल्य पाहत असतो. परंतु बुद्धिबळाने वास्तवतेचा दावा कधी केला नाही. त्यातला हत्ती कोणाच्या गजशाळेतून आणलेला नाही. युद्धक्रीडा मात्र खऱ्या बंदुकीचे नाव घेते, तिच्या आवाजाची नक्कल करते, आणि ‘अगदी खऱ्यासारखे’ या एकाच गुणावर आपली प्रतिष्ठा सांगते. वास्तवाचे श्रेय घ्यायचे असेल तर वास्तवाचे ऋणही मानावे लागते. दोहोंपैकी एक पत्करावे: खेळ म्हणवून घ्यावे आणि हुबेहूबपणाचा अभिमान सोडावा, किंवा हुबेहूबपणा ठेवावा आणि मृत्यूलाही त्यात जागा द्यावी.

हे ऋण सर्वांत जड होते ते खऱ्या घटनेला हात घातल्यावर. २६ जानेवारी २०२१ रोजी बंगळूरच्या एनकोअर गेम्स या संस्थेने ‘फौ-जी’ हा खेळ प्रसिद्ध केला. त्याची भूमी गलवान खोरे. तेथे जून २०२० मध्ये वीस भारतीय सैनिकांना वीरमरण आले होते. प्रत्यक्ष चकमकीत बंदुका चालल्या नव्हत्या, म्हणून खेळातही प्रारंभी हातघाईचीच लढाई होती. साधनाशी निष्ठा येथेही राखली गेली. परंतु खेळाडूच्या हाती आले ते एकामागून एक येणाऱ्या शत्रूंना पाडण्याचे काम. सात महिन्यांपूर्वीच्या मृत्यूंचे स्मरण अशा रचनेत कसे राहावे? हेतू देशप्रेमाचा असला तरी रचना आपलाच अर्थ सांगत राहते. कलेत हेतूवर रचनेची मात होते, हा नियम येथेही सुटत नाही.

याउलट, परिणाम हे खेळाच्या रचनेतच गुंफता येतात याची उदाहरणे आहेत. ‘स्वॅट ४’ (२००५) या प्रथमपुरुषी खेळात पोलीस पथकाची भूमिका असते. शरण येण्याचा इशारा न देता, अधिकार नसताना गोळी झाडली तर गुण कापले जातात. न मारणे हे तेथे कौशल्य होते, आणि प्रतीक्षेतल्या भयाला नैतिक वजन येते. ‘कॉल ऑफ ड्यूटी : मॉडर्न वॉरफेअर २’ (२००९) मधील विमानतळावरच्या संहाराच्या प्रसंगात खेळाडू एकही गोळी न झाडता चालू शकतो, त्या चालण्याने येणारी लाज हा त्या प्रसंगाचा वादग्रस्त पण खरा आशय. ‘स्पेक ऑप्स : द लाइन’ (२०१२) खेळाडूकडून पांढऱ्या फॉस्फरसचा मारा करवून घेतो आणि मग त्याला त्या जळालेल्या देहांमधून चालायला लावतो. पोलंडमध्ये निर्माण झालेला ‘धिस वॉर ऑफ माइन’ (२०१४) प्रथमपुरुषी नाही, नेमबाजीचाही नाही. वेढलेल्या शहरातील सामान्य माणसांनी अन्न कसे मिळवावे, एवढाच त्याचा प्रश्न. २०२० मध्ये पोलंडने त्याचा शालेय वाचनाच्या यादीत समावेश करण्याचे जाहीर केले. या माध्यमालाही स्त्रीपर्व लिहिता येते, एवढे तरी यावरून सिद्ध होते.

युद्धक्रीडेमुळे माणसे हिंसक होतात का, हा प्रश्न मानसशास्त्राचा आहे. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने २०२० मध्ये याबाबत सावधगिरीचाच निर्वाळा दिला: आक्रमक वर्तनाशी या खेळांचा थोडाबहुत संबंध दिसतो, परंतु प्रत्यक्ष हिंसाचाराचे खापर त्यांच्यावर फोडण्यास पुरेसा आधार नाही. साहित्यसमीक्षेचा प्रश्न याहून वेगळा आहे. मनुष्य काय करील हे ती सांगू शकत नाही. त्याला काय दिसू दिले जात आहे आणि काय नाही, हे मात्र तिने सांगितलेच पाहिजे. ते तिने सांगितले नाही म्हणून ते काम रंगाच्या डब्यावर आणि शब्दकोशातल्या एका पर्यायावर सोपवले गेले. शासनाला हिरवे रक्त सुचले यात शासनाचा दोष थोडा आहे. त्याहून योग्य असा निकष त्याच्यापुढे ठेवायला कोणी नव्हते, हा दोष मोठा आहे.

द्रोणांच्या परीक्षेत अर्जुनाला पक्ष्याचे मस्तक तेवढे दिसले, आणि शस्त्रविद्येच्या दृष्टीने तो योग्यच उत्तीर्ण झाला. तीच एकाग्रता आज लक्षावधी तरुणांना घरबसल्या साधते आहे. तिची थट्टा करण्याचे कारण नाही. परंतु त्या परीक्षेत नापास झालेले शिष्य काही चुकीचे पाहत नव्हते. झाड होते, गुरू होते, आणि बाजूला भाऊही उभे होते. पुढे अठरा दिवसांच्या युद्धात उभे राहिले ते याच गुरूंसमोर आणि याच भावांमध्ये. समीक्षेला ही विद्या शिकायची नाही. तिने नापास शिष्यांचेच उत्तर पुन्हा पुन्हा द्यायचे आहे: पक्षी दिसतो, झाड दिसते, आणि भाऊही दिसतात.